काठी लागली की थांबायचं

मी नवऱ्याला काठीनं मारते, असं आमच्या गावात सगळे सांगतात. खोटं नाही ते. मारते. दिवसाउजेडी, चार लोकांच्या देखत मारते, आणि त्यासाठीच लोक आम्हाला दोघांना मिळून बोलावतात. नवरा झाडं तोडतो, चेनसॉनं. आमच्याकडे तिला नुसतं मशीन म्हणतात. मशीन त्याच्या हातात आणि काठी माझ्या. काठी म्हणजे लांब कळक, बांबूच, दोन माणसं एकावर एक उभी केली तर होईल एवढा. टोकाला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली आहे, त्याला लागू नये म्हणून. ही चिंधीची गोष्ट मात्र गावात कोणी सांगत नाही. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार!

बोलताना मी त्याला ‘तुमी’ म्हणते. लिहिताना ‘तो’ लिहितेय, कारण इथे सासरचं कोणी बसलेलं नाही.

माझे वडील कुऱ्हाडीनं झाडं तोडायचे. कुऱ्हाडीचं काम सावकाश असतं. चार घाव घालायचे, थांबायचं, घाम पुसायचा आणि तेवढ्यात झाड काय म्हणतं ते ऐकायचं. पडायच्या आधी झाड करकरतं. ती करकर बांधावर बसलेल्या म्हातारीलासुद्धा ऐकू जायची आणि ती आपली गोधडी उचलून लांब जाऊन बसायची. मशीनचं तसं नाही. ते सुरू झालं की करकर नाही, हाक नाही, काही नाही. त्यात कान जाऊ नयेत म्हणून नवरा कानांवर जाड टोपणं चढवतो. ती हवीतच, त्याबद्दल माझं म्हणणं नाही. पण डोळे पात्यावर आणि कान बंद, मग वर काय चाललंय ते बघणार कोण?

सुरुवातीला कोणीच बघत नव्हतं. मुरबाडच्या रस्त्याला एका वाडीत आंब्याचं जुनं झाड होतं. मी त्याची भाकरी घेऊन गेले होते. लांबूनच दिसलं की वरची एक वाळकी फांदी हादऱ्यानं सुटलीय आणि खालच्या फांद्यांतून घसरत येतेय. मी ओरडले. बाळंतपणात ओरडले नसेन एवढी ओरडले. नवरा हाकेच्या अंतरावर होता, पण माझा आवाज त्याच्यापर्यंत पोचला नाही. डोक्यावर हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. खांद्याचं हाड मोडलं.

तो सगळा पावसाळा तो हात गळ्यात बांधून ओटीवर बसला आणि मी लावणी उरकली. मला त्याची कीव यायच्या ऐवजी राग यायचा. फांदीचा नाही, त्याचाही नाही. आपण ओरडतोय आणि आपल्या माणसाला ऐकू येत नाही, याचा राग. अजून कधी स्वप्नात ते येतं आणि मी चिडूनच उठते.

काठी सुचली ती चिखलणीत. दीर बैलांनी खाचरात चिखल करत होता. बैल हाकेनं थांबला नाही की तो काठीचं टोक त्याच्या पाठीला लावायचा आणि बैल जागच्या जागी उभा राहायचा. संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं, ‘‘तुमाला पन असंच लावायला पायजे.’’

‘‘मी काय बैल हाय का गो?’’

‘‘बैल थांबतो तरी.’’

दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. मग हात बरा झाल्यावर स्वतःच कळक तोडून आणला. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तेव्हापासून आमची रीत ठरली. झाड तोडायच्या आधी दोघं त्याच्या भोवती फिरतो. कुठे कललंय, कुठे वाळलंय, वर काय अडकलंय ते बघतो. कोयत्याच्या पाठीनं खोडावर ठोकतो. भरीव खोड टणटणीत वाजतं, पोकळ खोड रिकाम्या कणगीसारखं. मग मागच्या अंगाला तिरक्या दोन पळवाटा साफ करतो, एक त्याची आणि एक माझी. सरळ मागे कधी पळायचं नाही, पडताना बुंधा उसळून मागे येतो. पाय अडकेल असं एक मूळ, एक वेल त्या वाटेवर ठेवायची नाही. माझ्या सासूबाई म्हणायच्या, एवढं अंगण कधी झाडलं नाय सुनेनं.

झाड ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूनं आधी खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं, आणि मधे थोडं लाकूड राखायचं. नवरा त्याला बिजागरी म्हणतो. दार जसं बिजागरीवर फिरतं तसं झाड तिच्यावर वळतं आणि सांगितलेल्या जागी पडतं. ती आधीच तुटली की मग झाड कोणाचं ऐकत नाही.

तो कापतो आणि मी शेंड्याकडे बघते. मधूनच भुशाकडे. भुसा पिवळा-पांढरा येतोय तोवर ठीक, काळपट आणि ओला यायला लागला की आत कुजलंय. काही दिसलं की काठी. काठी लागली की त्यानं थांबायचं, मशीनचा ब्रेक लावायचा, वर बघायचं. दोनदा लागली की सगळं टाकून पळवाटेनं निघायचं. आणि का मारली म्हणून विचारायचं नाही. विचारायचं ते नंतर. हा नियम माझा आहे आणि बाकीचे सगळे नियम मोडले तरी तो मोडू देत नाही.

आणखी एक काम माझ्याकडे आहे. आमच्याकडे झाड पडलं की फांद्या-डहाळ्या सरपणाला बायका नेतात, आणि जिचा हात आधी लागेल तिची फांदी. म्हणून झाड जमिनीला टेकायच्या आतच बायका धावत सुटतात. ओरडून काही उपयोग नाही. मग मी सगळ्यांच्या चुंबळी आधीच मागून घेते आणि माझ्या पाठीमागे ठेवते. चुंबळीशिवाय डोक्यावर मोळी घेता येत नाही. मी देईन तेव्हा चुंबळ, आणि चुंबळ मिळेल तेव्हा फांदी. पहिल्यांदा शिव्या खाल्ल्या. आता बायका आपणहून आणून देतात, वर सांगतात, ‘‘माझी ती लाल, नीट ठेव गो.’’

तर असं आमचं चाललं होतं. मग नवऱ्याच्या मामांचा फोन आला.

मामा उंबरमाळीच्या बाजूला राहतात. घरामागे गोठा आणि गोठ्याला लागून ऐनाचं झाड. राबासाठी त्याच्या फांद्या दर वर्षी छाटायचे, म्हणजे भाताची रोपं करायची तिथे पाला-फांद्या पसरून जाळायला. मामांच्या वडिलांनी छाटला, मामांनी छाटला. असं वर्षानुवर्षं छाटलेलं झाड वर गाठी-गाठींचं होतं, गाठीत पाणी मुरतं आणि आतून कुजत जातं. आता तो ऐन गोठ्यावर कलला होता आणि आत गुरं होती. वनखात्याची परवानगी आली होती, खोडावर त्यांच्या खुणेचा हातोडाही पडला होता.

मामा म्हणजे नवऱ्याचं आजोळ. लहानपणी सुट्टीत तो तिथेच असायचा. आणि मामा म्हणजे साधा माणूस नव्हे. तरुणपणी जत्रेत दोरीखेच व्हायची, त्यात मामा शेवटचे गडी. दोर कमरेला गुंडाळून मागे टेकून उभे राहिले की समोरची अख्खी वाडी त्यांना हलवू शकायची नाही. हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकतेय, दर वेळी त्यात समोरचे गडी वाढतात.

निघायच्या आधी मी कळक मोटारसायकलला बांधत होते. तो लांबलचक आहे, पुढे दिव्याच्या पुढे जातो आणि मागे माझ्या मागे. शहापूरला सिग्नलला पोरं हसतात. नवरा बघत उभा होता. मग म्हणाला, ‘‘आज काठी राहू दे घरी.’’

‘‘का?’’

‘‘मामांकडे सगले असतील. हसतील. बायकोच्या काठीवर चालतो म्हणतील.’’

‘‘मंग मशीन पन राहू दे घरी.’’

‘‘अगो, तिथे मानसं हायत बघायला.’’

‘‘मानसं आंब्याच्या टायमाला पन होती.’’

मी दोरीची गाठ आवळली. मला खरंच वाईट वाटलं. इतकी वर्षं लोक हसले तेव्हा तो माझ्याबरोबर हसायचा, आणि आता आजोळी जायचं म्हटल्यावर माझी लाज वाटायला लागली. गाडीला किक मारता मारता तो म्हणाला, ‘‘बरं, घे. पन खरंच लागलं तरच मार.’’

मी ‘बरं’ म्हटलं. कसाऱ्याच्या दिशेनं हायवेला लागेपर्यंत ते ‘खरंच’ माझ्या डोक्यात फिरत होतं. खरं की खोटं ते मी कधी ठरवलंच नव्हतं. डोळ्याला दिसायचं, हात उठायचा. मधे विचार करायला जागाच ठेवली नव्हती, आणि त्यातच तर सगळं होतं.

मामांच्या अंगणात पुतणे, शेजारी, बायका सगळे जमले होते. कळक खाली उतरवला तसा मामांनी आवाज दिला, ‘‘काय रे, बैल हाकायला आनलीस काय?’’

‘‘बैल नाय, भाचा हाकतात त्याच्यानं,’’ एक पुतण्या म्हणाला. सगळे हसले. नवराही हसला, पण ते नेहमीचं हसू नव्हतं. मामींनी मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, ‘‘जोरात लागतं काय गो त्याला?’’ मी म्हटलं, ‘‘तुमी पन एक करून घ्या मामांसाठी.’’ त्या तोंडाला पदर लावून हसल्या.

झाडाभोवती फिरून झालं. बुंधा ठोकला, खाली भरीव वाटला. ऐन गोठ्याकडे कललेला, म्हणून तो उलट बाजूला, मोकळ्या खाचरात पाडायचा होता. त्यासाठी वर शेंड्याजवळ दोर बांधला. दोर ओढणारे झाडाच्या समोर उभे राहिले तर झाड त्यांच्याच अंगावर, म्हणून नवऱ्यानं तो दोर खाचरापलीकडच्या मोहाच्या खोडाला वळसा घालून बाजूला नेला. ओढणारे तिथे, मोहाच्या आडोशाला. त्यांना बजावून सांगितलं, ‘‘दोर ढिला ठेवायचा. मी हात वर केला की मंगच ओढायचा, त्याच्या आधी नाय. आधी ताण दिलात तर खोड मधनंच उभं चिरंल.’’

मामा शेवटचे उभे राहिले. ती जागा त्यांचीच, तिथे कोण बोलणार? ‘‘आमाला शिकवतो,’’ असं काहीतरी पुटपुटले.

मी बायकांकडून चुंबळी मागितल्या. त्यांना ते नवीन होतं, पण मामींनी आपली आधी काढून दिली म्हणून बाकीच्यांनी दिल्या. मी माझ्या पळवाटेच्या तोंडाशी उभी राहिले, कळक हातात धरून.

खाच नीट झाली. भुसा पिवळा होता, मग थोडा तांबूस, पण कोरडा. नवरा मागच्या बाजूला आला आणि कापायला लागला. पातं आत गेलं तशी त्यानं मागे पाचर ठोकली, झाड गोठ्याकडे बसू नये म्हणून. मी शेंड्याकडे बघत होते. वारा अजिबात नव्हता. खाचरापलीकडच्या मोहाचं पान हलत नव्हतं.

आणि ऐनाचा शेंडा हलला.

थोडासाच. हलला आणि थांबला. माझा हात उठला आणि मधेच राहिला. खार असेल, मला वाटलं. मशीनचा हादरा असेल. मागे सगळं आजोळ उभं आहे. खरंच लागलं तरच.

शेंडा पुन्हा हलला. या वेळी मी मारली.

नवऱ्यानं मशीन जागच्या जागी थांबवलं, ब्रेक लावला, वर बघितलं. सगळ्यांनी वर बघितलं. वर काहीच नव्हतं. ना तुटलेली फांदी, ना मधमाश्या. निळं आभाळ आणि गाठी-गाठींचा ऐन. अंगणातून पहिलं हसू आलं आणि मग सगळेच हसायला लागले. ‘‘माशी बसली व्हती पाठीवर!’’ तोच पुतण्या. माझे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

नवरा हसला नाही. रागावलाही नाही. त्यानं मशीन बंद करून खाली ठेवलं, टोपणं गळ्यात उतरवली आणि शेंड्यापासून दोरावरून नजर फिरवत फिरवत मोहापर्यंत नेली. दोर ढिला असायला हवा होता. तो ताणलेला होता. मग तो चालत मोहाच्या पलीकडे गेला, आणि मी त्याच्या मागे.

मामांनी दोर कमरेला गुंडाळला होता. चांगले दोन वेढे. आणि मागे टेकून, दोन्ही हात मोकळे करून, ते तंबाखू मळत होते. एकदा टेकले की शेंडा हलायचा, चुन्याची डबी काढायला सरळ झाले की थांबायचा. पुढचे सगळे अंगणाकडे तोंड करून हसत होते. मामाही हसत होते, कोणाला हसतोय ते न कळता.

बिजागरी तेवढ्यात चिरली असती आणि ऐन गोठ्याकडे गेला असता, तर दोराबरोबर मामा गेले असते. मोहाच्या खोडापर्यंत. पुढे काय झालं असतं ते सांगायला नको.

बघितल्यावर प्रत्येकाला आपापलं कळलं. हसू कसं बंद झालं ते मला आठवत नाही, एवढंच आठवतं की गोठ्यातल्या गाईच्या गळ्यातली घंटा ऐकू यायला लागली. नवऱ्यानं मामांच्या कमरेचे वेढे स्वतःच्या हातानं सोडवले, लहान मुलाचा करदोडा सोडवावा तसे. मामांच्या तळहातावर तंबाखू तशीच होती.

‘‘ढिलाच होता रे,’’ मामा म्हणाले. ‘‘सवय हाय मला.’’ सुंभ जळला तरी पीळ जात नाही. पण आवाज बारीक झाला होता. आणि तंबाखू त्यांनी तोंडात टाकली नाही, झटकून टाकली.

नवरा माझ्याकडे वळला. सगळे उभे होते, तरी हळू वगैरे बोलला नाही.

‘‘कधी दिसलं तुला?’’

‘‘दोनदा हललं. दुसऱ्यांदा मारली.’’

‘‘आनि पयल्यांदा?’’

‘‘पयल्यांदा थांबले.’’

‘‘का?’’

मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. उत्तर त्याचंच होतं, ते मी कशाला देऊ? सगळ्यांच्या देखत त्याला उघडं पाडावं असं क्षणभर मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि नाही बोलवलं. तो खाली बघत होता, मामांच्या पायाशी पडलेल्या दोराच्या वेढ्यांकडे.

‘‘परत थांबू नको,’’ तो म्हणाला. ‘‘वाटलं की मार. खरं का खोटं ते मी वर बघून ठरवीन.’’

मग आम्ही परत झाडाकडे आलो. दोर पुतण्यांकडे दिला, हातात धरायला. नवऱ्यानं बिजागरीजवळ वाकून बघितलं, बोटानं चाचपलं, चीर गेली नव्हती. मामा येऊन माझ्यापासून थोडं लांब, चुंबळींच्या ढिगाशेजारी बसले. नवऱ्यानं टोपणं चढवली, मशीन सुरू केलं आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला.

पातं पुन्हा आत गेलं. थोड्या वेळानं वर एका गाठीपाशी काहीतरी चमकल्यासारखं झालं. मी मारली. त्यानं थांबून ब्रेक लावला, वर बघितलं. खरंच काही नव्हतं, सुटलेली साल उन्हात लकाकत होती. त्यानं मान हलवली आणि पुन्हा कापायला लागला.

मागे कोणी हसलं नाही.

मग त्यानं हात वर केला, पुतण्यांनी दोर ओढला, आणि ऐन खाचरात पडला, पाडायचा होता तिथेच. बायका जागच्या हलल्या नाहीत. मामा उठले आणि एकेक चुंबळ विचारून विचारून जिची तिला देऊ लागले.